मावशींचे पोहे

आमच्या गल्लीतल्या ख्रिस्ती मावशींइतकं अवेळी दुसऱ्याच्या दारात जाणारं माणूस सबंध सोलापुरात दुसरं नसेल. लोक बारशाला जातात, हळदीकुंकवाला जातात. मावशी जायच्या त्या जिथं कुणी रडत असेल तिथं, आणि तेही न बोलावता. लग्न होऊन मी इथं आले तेव्हा पहिल्यांदा दिसल्या त्या अशाच भर उन्हात चाललेल्या. नऊवारी लुगडं, पायांत पुरुषी बूट, हातात मिटलेली छत्री. उघडत का नाही विचारलं, तर म्हणाल्या, "उघडली तर लोकांची तोंडं दिसत न्हाईत की." चालताना त्या प्रार्थना करायच्या आणि त्या तंद्रीत भलत्याच घरात शिरायच्या. एकदा आजाऱ्याच्या शेजारच्या घरात गेल्या आणि तिथल्या ठणठणीत म्हातारीच्या कपाळावर हात ठेवून डोळे मिटून बसल्या. म्हातारीला इतकं बरं वाटलं की दुसऱ्या दिवशी ती मुद्दाम कण्हायला लागली.

त्या उन्हाळ्यात मागच्या आळीतल्या तेलुगू विणकराचं पहिलं मूल तापानं गेलं. त्याची बायको नरसम्मा ना रडे, ना बोले, ना अन्नाला शिवे. नवरा माग बंद करून भिंतीला टेकून बसलेला. दुपारी साऱ्या आळीत मागांची संथ खटखट चालायची, झोपेत ऐकू यावी तशी, आणि मधोमध ते एकच घर मुकं. मावशी तिथं जाऊन जमिनीवर बसू लागल्या. त्यांना तेलुगूचा गंध नव्हता, नरसम्माला मराठी जेमतेम कळायचं.

"काय बोलता हो तिच्याशी?" मी विचारलं.

"काय बोलनार? मित्र मेला तवा येशू बी रडलाच की. मी तेवढंच करते."

एके दुपारी नरसम्मा त्यांच्यावर एकदम ओरडली, "पो! पो!" मावशी लगबगीनं माझ्या दारात आल्या. "पोरीनं तोंड उघडलं! पोहे मागितले बघ!" तेलुगूत 'पो' म्हणजे 'चालती हो' हे मला ठाऊक होतं, पण त्यांचा चेहरा बघून सांगवेना. मी त्यांच्या घरी जाऊन चुलीशी कांदा चिरायला बसले.

आम्ही ताट घेऊन गेलो तेव्हा आळीतल्या बायका दारात जमल्या होत्या. नवरा ओशाळून म्हणाला, "मावशी, ती जा म्हनाली. पोहे न्हाई."

मावशींनी ताट खाली ठेवलं आणि ऐसपैस मांडी घातली. "असं व्हय? मग तिचं खाऊन झालं की जाते की."

त्यानं ते तेलुगूत सांगितलं. नरसम्मानं ताटाकडं पाहिलं, मावशींकडं पाहिलं, आणि तिला हसू फुटलं. हसता हसताच तिनं हंबरडा फोडला. मावशींनी तिचं डोकं मांडीवर घेतलं आणि त्याही मनसोक्त रडल्या. "ख्रिस्ती बाईच्या हातचं खाणार का आता ही?" दारात कुणीतरी कुजबुजलं. तोवर नरसम्मानं रडत रडत घास घेतला होता.

पुढं काही वर्षांनी मावशींची नजर गेली, आणि करमाळ्याचा भाचा त्यांना न्यायला आला. सात रस्ता चौकात करमाळ्याची मोटार उभी होती, मावशी आत बसल्या होत्या. नरसम्मा धावत आली आणि कडेवरची तान्ही लेक तिनं मावशींच्या मांडीवर ठेवली. मावशी त्या पोरीच्या तोंडावरून हळूहळू बोटं फिरवत राहिल्या. ड्रायव्हर भोंगा वाजवून थकला, उतारू ओरडले, पण त्या पोर सोडेनात. अखेर परत देताना म्हणाल्या, "नाक तुजंच हाय गं."

मोटार धुरळ्यात दिसेनाशी झाली. नरसम्मा आणि मी बराच वेळ तिथंच उभ्या राहिलो. दोघींनाही घरी जावंसं वाटत नव्हतं.