दोन तासांची बाई

अर्धी वाट सरली तेव्हा सोबत आलेल्या शाळेच्या मास्तरीणबाईंचे गुडघे कुरकुरायला लागले. घड्याळबाई मात्र पुढेच. अठरा वर्षं लसींची पेटी घेऊन हाच रस्ता तुडवलेली ती. आज पेटी नव्हती. काखेत पिशवी होती आणि पिशवीत जाड पुठ्ठ्याच्या सहा वह्या.

"अगं, जरा दमानं. ऑफिस काही पळून जात नाही."

"ऑफिस नाही पळत बाई, माणसं पळतात. साडेअकराला चहाला गेली की दोनशिवाय उगवत नाहीत."

सरकारी दवाखान्यातली ही मदतनीस. झाडलोट, पाणी भरणं, बाळंतिणीजवळ बसणं, सगळं तिच्याकडे. पण 'घड्याळबाई' हे नाव पडलं ते फ्रीजमुळे. लसींच्या फ्रीजचं तापमान सकाळी आठला आणि संध्याकाळी पाचला बघायचं, वहीत लिहायचं, पुढे सही ठोकायची. रविवार असो, अंगात ताप असो, चुकायचं नाही. ती निघाली की गावातल्या बाया पोरांना शाळेला पिटाळायच्या. सासू गेली त्या दिवशीही तिने सकाळचा आकडा लिहिला, सासूला पोचवून आली, अंघोळ केली आणि संध्याकाळचा लिहिला. "दगडाची आहेस गं," नणंद म्हणाली होती. दगडाची होती म्हणूनच टिकली होती.

महिन्यापूर्वी वरून आदेश आला. खेड्यांतल्या मदतनिसांचा पगार वाढणार, जवळपास दुप्पट, पण दिवसभर राबणाऱ्यांचाच. कोण किती तास राबते, ते सुपरवायझरने लिहून द्यायचं. त्याने हिच्या नावापुढे लिहिलं, दोन तास.

ही विचारायला गेली तर भर मीटिंगमध्ये तो म्हणाला, "झाडू मारायला असा किती वेळ लागतो गं? दोन तास लिहिले हेच उपकार समज!"

खोलीभर हशा पिकला. जिचं पोर हिने मांडीवर वाढवलं होतं ती नर्ससुद्धा तोंडाला रुमाल लावून हसली. ही घरी आली, ताटावर बसली आणि घास न घेता उठली. कोण कोण हसलं होतं ते तिला खुर्च्यांच्या रांगेसकट पाठ होतं.

"तुझं काम झालं म्हणजे झालं ना गं?" चढावर थांबत मास्तरीणबाईंनी विचारलं.

"आणि त्याचं?"

"त्याचं देव बघेल."

"देवाच्या मागे हजार कामं आहेत, बाई. हे एक मी करते."

मास्तरीणबाईंनी मनातल्या मनात देवाचं नाव घेतलं आणि पाय उचलले.

ऑफिसात मोठ्या मॅडम, सुपरवायझरच्याही वरच्या, टेबलाशी होत्या. काचेखाली जुनी कॅलेंडरं, डोक्यावर किरकिरणारा पंखा. सुपरवायझर कपाटाला टेकून उभा होता, हिला बघून मिशीत हसला. हिने पाच वह्या एकेक करून काचेवर मांडल्या.

"सकाळी आठ, संध्याकाळी पाच. मधला वेळही मी तिथेच. दोन तासांची बाई हे कसं लिहील, तुम्हीच सांगा."

मॅडमनी पानं उलटली. मधलीच एक वही काढली, पुन्हा उलटली. "एकही दिवस सुटला नाही?"

"आकडा चुकला तर लस मरते, मॅडम."

मॅडमनी यादी ओढली, 'दोन तास'वर लाल रेघ मारली आणि वर लिहिलं, पूर्णवेळ.

"माझ्याकडून नजरचुकीने झालं," सुपरवायझर पुटपुटला.

मास्तरीणबाई हात जोडून उठल्यासुद्धा. पण घड्याळबाईने पिशवीत पुन्हा हात घातला आणि सहावी वही काढली.

"अजून एक पान बघा."

ही वही सुपरवायझरने दर आठवड्याला येऊन तपासायची होती. तो यायचा महिन्यातून एकदा आणि पुढच्या चारही आठवड्यांच्या कोऱ्या पानांवर आधीच लिहून ठेवायचा, 'पाहिले, सर्व ठीक.' गेल्या उन्हाळ्यात तीन दिवस वीज गेली. आठ अंशांच्या वर जायला नको तिथे हिने खरे आकडे लिहिले. सोळा. एकवीस. सव्वीस. खराब झालेली लस बाजूला काढली, पेटीत घालून इथे आणून परत केली. एकाही पोराला टोचू दिली नाही. आणि त्या आकड्यांखाली आधीपासूनच ऐटीत बसलं होतं, 'पाहिले, सर्व ठीक.' खाली त्याची झोकदार सही.

मॅडमनी पान त्याच्याकडे फिरवलं. "हे अक्षर तुमचंच?"

त्याच्या तोंडचं पाणी पळालं. "मॅडम, ताईंचा काहीतरी गैरसमज..."

"आता ताई?" घड्याळबाई म्हणाली. "मीटिंगमध्ये तर 'गं' होते."

मॅडमनी वही मिटली. आवाज खाली आणला. "तोंडी चालत नाही, लेखी तक्रार लागते. मग चौकशी. यांनी आधी सह्या केल्या आणि तुम्ही करू दिल्यात, हेही निघेल. चौकशी संपेपर्यंत तुमचीही वाढ थांबेल. गप्प घरी गेलात तर पुढच्या महिन्यापासून नवा पगार. बाहेर बसा, विचार करा."

सहावी वही घेऊन दोघी व्हरांड्यातल्या बाकावर बसल्या. थोड्या वेळाने सुपरवायझर स्वतः पाण्याचा पेला घेऊन आला. पाणी बुटावर सांडत होतं.

"ताई, दीड वर्षावर निवृत्ती आलीय माझी. पोटावर पाय देऊ नका."

तिने पेला घेतला, मास्तरीणबाईंच्या हातात दिला. "प्या बाई, तुम्ही दमलात." मग त्याच्याकडे वळली. "पाणी आणायला किती वेळ लागला, साहेब? लिहून ठेवा कुठेतरी."

तो मान खाली घालून गेला. तो कोपऱ्यावर वळेपर्यंत तिने त्याच्याकडे बघितलं. महिन्याभरात पहिल्यांदा तिला भुकेची जाणीव झाली.

"चल आता," मास्तरीणबाई म्हणाल्या. "नाक घासलं त्याने. पोरीच्या कॉलेजचं तरी बघ. हातातोंडाशी आलेला घास आहे गं."

"माहीत आहे."

"मग? सूड घेऊन कुणाचं भलं झालंय?"

"भल्यासाठी कोण करतंय, बाई? त्या खोलीत सगळे हसले. आता त्याच खोलीत त्याची चौकशी बसू दे, त्याच खुर्च्यांवर. वाढ अठरा वर्षं थांबलीच होती, अजून थांबेल."

तिने वहीचं शेवटचं कोरं पान सुरीने कापावं तसं नखाने सरळ फाडलं आणि मास्तरीणबाईंच्या मांडीवर ठेवलं.

"मला आकडे लिहिता येतात, तक्रार नाही. तुम्ही लिहा. आधी सह्या मी करू दिल्या, ती चूक माझी, हे पहिल्याच ओळीत घाला, म्हणजे त्याला माझ्याकडे बोट दाखवायला जागा नको. आणि बाई, एवढं ऐका माझं. 'नम्र विनंती' कुठेही लिहू नका."