दाजींनी न काढलेला पिंपळ

रविवारी सकाळी आठ वाजता फोन वाजला आणि आक्काचं नाव दिसलं, तेव्हा मी अगदी तयारीत होतो. थाप आदल्या दिवशीच जुळवून ठेवली होती. फोन उचलल्या उचलल्या मी कण्हतच सुरुवात केली की, आक्का, कमरेत उसण भरली बघ, जागचं हलता येईना, दाजींना म्हणावं पुढच्या रविवारी नक्की येतो. एवढंच बोलून थांबायला हवं होतं, पण थाप मारणाऱ्याला तपशिलाचा सोस असतो. मी मलमाचं नाव सांगितलं, ते कुणी चोळलं तेही सांगितलं. आक्का सगळं ऐकून घेत होती. तिथंच मला कळायला हवं होतं, कारण माझ्या बावन्न वर्षांत माझ्या बहिणीनं माझं एकही वाक्य पुरं होऊ दिलेलं नाही. मी थांबल्यावर ती म्हणाली, "झालं तुझं? … तुझे दाजी गेले रे, बापू. चहाची बशी हातात व्हती." मी कमरेवर हात ठेवून उभा होतो. तो हात काढायचं भान मला बऱ्याच वेळानं आलं.

त्याला आता पाच आठवडे होतील. हिंगोलीहून गोरेगावला जीपनं किती वेळ लागतो हे मला ठाऊक आहे, आणि त्या रविवारी नि त्याआधीच्या दोन रविवारी मी का गेलो नाही हेही ठाऊक आहे. पण ते पुढं सांगतो. आधी दाजी सांगायला हवेत.

आमचे दाजी म्हणजे किसन मिस्तरी. गोरेगावात नि आजूबाजूला, अगदी पुसेगावपर्यंत, त्यांनी बांधलेल्या भिंती अजून उभ्या आहेत. मिस्तरी ते, आणि माल कालवून घमेली देणारी आमची आक्का. दोघांनी तीस वर्षं असा संसार बांधला. लोकांना पत्त्यांचा छंद असतो, कबुतरांचा असतो. दाजींना छंद होता भिंतीत उगवलेले पिंपळ जिवंत काढायचा. कुठं दरजेत पाखराच्या विष्ठेतून बी पडतं, दोन पानं फुटतात, आणि घरमालक कोयता नाहीतर रॉकेल घेऊन धावतो. दाजी त्याच्या आधी पोचायचे. आधी तीन दिवस ओलं गोणपाट त्या जागेवर बांधून ठेवायचं. मग छन्नीनं सांध्यातला माल कोरायचा, हळूहळू, मूळ सुटं होईस्तोवर. "दात काढल्यासारखं न्हाई, कानातला मळ काढल्यासारखं," असं ते शिकवायचे. काढलेलं रोप तेलाच्या रिकाम्या डब्यात लावायचं आणि डब्यावर ऑइलपेंटनं लिहायचं, कुठून आलं ते: शाळेची टाकी. पंचायतीची मोरी. मशिदीची मागची भिंत.

मशिदीच्या भिंतीचं बोलावणं यासीनभाईंचं होतं. ते दाजींचे जुने दोस्त, तिथंच शेजारी त्यांचं शिलाईचं दुकान आहे. दाजी शिडीवर नि हे खाली खुर्ची टाकून बसलेले. "मिस्तरी, दीवार भी आप बनाते, झाड भी आप पालते. धंदा अच्छा जमाया," असं म्हणून हसायचे. दाजींनी त्या कामाचा चहाही घेतला नाही, हे मात्र गावभर यासीनभाईंनीच सांगितलं.

बुद्ध पौर्णिमेला सगळे डबे विहारासमोर ओळीनं मांडायचे. त्रिशरण, पंचशील झालं की बाया त्या डब्यांना पाणी घालायच्या. पण रोपं हातात पडायची ती आषाढी पौर्णिमेला, वर्षावास सुरू होतो त्या दिवशी, म्हणजे जमीन ओली असते. अट एकच, घरापासून वीस पावलं लांब लावायचं. अर्थात घ्यायला कुणी राजी नसायचं. बोधिवृक्षाला हात सगळे जोडतात, पण दारात पिंपळ कुणाला नको असतो. मग सक्ती नातेवाइकांवर यायची, आणि नातेवाइकांत सगळ्यात मऊ मी. मला 'पंचायतीची मोरी' मिळाली. हिंगोलीत माझ्या दोन खोल्यांपासून वीस पावलांवर दुसऱ्याचं स्वयंपाकघर येतं, म्हणून मी डबा गच्चीवर ठेवला, आणि उन्हाळ्यात एकदा लग्नाला म्हणून गेलो तो आठ दिवसांनी परतलो. पुढची दोन वर्षं दाजी भेटले की विचारायचे, "काय साहेब, आमचं लेकरू कसं हाय?" आणि मी पानांची संख्या वाढवून वाढवून सांगायचो. मग एकदा ते छातीच्या डॉक्टरांना दाखवायला हिंगोलीला आले ते थेट गच्चीवरच चढले. त्या डब्यात बायकोनं पुदिना लावला होता. दाजी उकिडवे बसले, एक पान चुरगाळून वास घेतला आणि म्हणाले, "पानं बारीक झाली जरा. पण वास चांगला हाय." पुन्हा तो विषय त्यांनी कधी काढला नाही. मला मात्र आजही पुदिन्याची चटणी घशाखाली उतरवताना विचार करावा लागतो.

असा माणूस, आणि त्याच्या हातून एकच पिंपळ राहिला. तोही कुठं, तर आमच्या विहारात. विहार दाजींनीच बांधलेला, गल्लीतल्या लोकांच्या श्रमदानावर. बुद्धमूर्तीच्या मागच्या भिंतीला बाहेरून, स्लॅबच्या हातभर खाली, सहा वर्षांपूर्वी कोंब फुटला. दुसऱ्याच्या भिंतीवर तीन दिवसांत गोणपाट बांधणारे दाजी इथं म्हणाले, बघू. दुसऱ्या वर्षी म्हणाले, बारीक हाय अजून. तोवर बायांनी त्याच्याखाली मेणबत्ती लावायला सुरुवात केली होती. लांबून आलेले पाहुणे फोटो काढायचे, बुद्धाच्या मागं आपोआप बोधिवृक्ष आला म्हणायचे. गल्लीला अभिमान वाटायचा, आणि ज्याला भिंतीतलं कळत होतं तो एकटा माणूस गप्प बसायचा. मला एकदा म्हणाले, "दुसऱ्याची भित असती तर केव्हाच काढलं असतं. आपल्याच भितीत आलं, तर वाटलं पाहुणा आला. पाहुण्याला जा कसं म्हणावं?"

यंदाच्या बुद्ध पौर्णिमेला पाहुण्यानं पाय पसरल्याचं सगळ्यांना दिसलं. रंग द्यायला आलेल्या पोरांनी आतला पडदा काढला, तर मूर्तीच्या डाव्या अंगानं स्लॅबपासून खाली बोट शिरेल एवढी भेग गेलेली. विहार समितीनं सरळ सांगितलं. आषाढी पौर्णिमेपासून तीन महिने रोज संध्याकाळी इथं ग्रंथ वाचला जाणार, चाळीस बाया-लेकरं या भिंतीखाली बसणार. त्याच्या आधी झाड निघालं पाहिजे, नाहीतर आम्ही ॲसिड ओततो. दाजींनी सगळ्यांसमोर शब्द दिला. जितं काढतो, भित बी राखतो.

तेव्हापासून आमच्या घरात कुणाला धड झोप नव्हती. डॉक्टरांनी जिना चढू नका म्हणून सांगितलेलं, आणि हे शिडी चढायला निघालेले. आक्कानं शिडी उचलून यासीनभाईंच्या घरी लपवली. यासीनभाईंनी ती त्याच संध्याकाळी दाजींना परत आणून दिली, दोस्ताला खोटं बोलता येत नाही म्हणाले. मग आक्कानं अट घातली की बापू आल्याबिगर चढायचं नाही. तिला वाटलं मी समजूत घालीन. दाजींना वाटलं मी शिडी धरीन. त्यांनी फोन केला, "तुमीच या साहेब. भित्रा माणूस शिडी घट्ट धरतो." आणि मी? मला एकच चित्र दिसायचं. शिडी माझ्या हातात आहे आणि वरून दाजी पडताहेत. मी गेलो नाही तर ते चढणार नाहीत, चढले नाहीत तर पडणार नाहीत, असा माझा सरळ हिशेब. पहिल्या रविवारी शाळेचं काम काढलं, कारकून असण्याचा तेवढाच उपयोग. दुसऱ्या रविवारी पाहुणे काढले. तिसऱ्या रविवारची उसण तुम्हाला ठाऊकच आहे. ते पडले नाहीत, हे खरं. ओसरीवर बशीतून चहा पीत माझी वाट बघत बसले होते, असं आक्का म्हणाली. त्यात टोमणा नव्हता. असता तर बरं झालं असतं.

दाजींच्या पुण्यानुमोदनाच्या दिवशी समितीचे लोक आले, आणि जयभीम घालून अंग चोरून बसले. विषय कुणी काढेना. शेवटी आक्काच म्हणाली, "पौर्णिमेला आठ दिवस हायत. ॲसिड आणू नका. आमी काढतो." आमी म्हणजे कोण हे विचारायची माझी हिंमत झाली नाही.

तीन दिवस तिनं गोणपाट ओलं ठेवलं. चौथ्या दिवशी सकाळी यासीनभाईंनी शिडी आणली आणि मी, काय सुचलं कुणास ठाऊक, छन्नी घेऊन चढलो. चौथ्या पायरीवर मी थांबलो. शिडी थरथरते म्हणून मी खाली यासीनभाईंकडं रागानं बघितलं, तर ते म्हणाले, "शिडी ठीक है भाई, आप हिल रहे." आक्कानं पदर खोचला आणि एवढंच म्हणाली, "उतर."

त्रेसष्ट वर्षांची माझी बहीण वर गेली आणि मी शिडी धरली. इतकी घट्ट की तळहातावर दोन दिवस वळ होते. छन्नीचा बारीक आवाज येत होता, आणि वरून चुरा माझ्या डोळ्यांत. एक वीट हलली तेव्हा भिंतीतून कण्हल्यासारखा आवाज आला आणि बघायला जमलेले लोक चार पावलं मागं गेले. तासाभरानं आक्का थांबली. मनगटाएवढं मूळ दोन वाटांनी गेलं होतं. एक खाली सुटं आलं होतं, दुसरं स्लॅबखाली शिरून आत कुठं गेलं ते दिसत नव्हतं. ते काढायचं तर भिंत फोडावी लागणार. भिंत ठेवायची तर मूळ तोडावं लागणार.

"तोडू का?" तिनं वरूनच विचारलं. आक्कानं मला आयुष्यात कधी काही विचारलेलं नाही. मी म्हणालो, "दाजी असते तर काय केलं असतं?"

"हे असते तर अजून सहा वर्षं थांबले असते," ती म्हणाली, आणि तिनं करवत मागितली.

झाड खाली आलं ते हातभर मुळासकट. ते डब्यात मावेना, म्हणून यासीनभाईंनी दुकानातला जुना प्लास्टिकचा पिंप दिला. मग भिंत. माल मी कालवला. तो बघून आक्का म्हणाली, "आमटी केली का रे?" आणि वर अर्धं घमेलं सिमेंट टाकायला लावलं. भेग भरली, विटा बसवल्या, गिलावा तिनंच केला. दुसऱ्या दिवशी सेनगावहून दाजींच्या हाताखाली शिकलेला मिस्तरी येऊन थापीच्या दांड्यानं भिंत ठोकून गेला. म्हणाला, आत्ता ठीक आहे, पण आतलं मूळ मेलं का न्हाई ते दिवाळीपर्यंत कळंल. इकडं पिंपातल्या झाडाची पानं चार दिवसांत झडली. म्हणजे आता आम्ही एकाच झाडाच्या अर्ध्या भागानं जगावं आणि अर्ध्यानं मरावं म्हणून वाट बघतो आहोत, आणि कोणतं काय करतं आहे ते बाहेरून दिसत नाही. मी रोज सकाळी फोन करतो. आक्का म्हणते, काहून रोज रोज इचारतो, झाड हाय ते, एसटी न्हाई.

आषाढी पौर्णिमेला मी वेळेवर गेलो. पांढरे कपडे घालून सगळे जमले होते, उदबत्तीचा वास होता आणि बाहेर भुरभुर चालली होती. कुणी ठरवलं नव्हतं, पण मूर्तीच्या डाव्या अंगाची जागा रिकामी राहिली होती. लोक दारापाशी दाटीवाटीनं बसले, लेकरांना मांडीवर घेतलं, पण त्या भिंतीखाली कुणी गेलं नाही. ग्रंथ वाचणाऱ्यानंही पाट जरा उजवीकडं सरकवून घेतला. आक्का उशिरा आली. तिनं एकवार सगळीकडं बघितलं, वंदन केलं, आणि सरळ जाऊन त्या भिंतीला पाठ टेकवून बसली.

मला उठावं लागलं. लाज म्हणा, काहीही म्हणा. मी तिच्याशेजारी बसलो, पण पाठ सरळ ठेवून, आणि कान मागं लावून. वाचन सुरू झालं. मला शब्द ऐकू येत नव्हते. प्रत्येक सरीला भिंतीत काहीतरी सरकल्यासारखं वाटायचं. आक्का हळूच म्हणाली, "टेक की. माल तू कालवला म्हणून भितो का?" व्हय, त्याचीच तर भीती होती. तरी मी टेकलो. भिंत गार होती. आक्का रोज पाणी मारत होती, म्हणून अजून ओली. तेवढ्यात दारातून दोन बाया उठल्या आणि आमच्या बाजूला येऊन बसल्या, मग त्यांची लेकरं आली…

मध्ये पाणी प्यायला उठलो तर मागून कुणीतरी हसलं. माझ्या पांढऱ्या शर्टाच्या पाठीवर सिमेंटचा राखाडी ओला पट्टा उमटला होता, खांद्यापासून कमरेपर्यंत. मी झटकायला गेलो.

"राहू दे," आक्का म्हणाली. "यांचे सगळे शर्ट असेच व्हते. एक बी निघाला न्हाई धुऊन."

वाचणाऱ्यानं पान उलटलं. मी माझ्या जागेवर जाऊन पुन्हा टेकलो.