मामाचा घाम

माझ्या मामाइतका खोटारडा माणूस चिखली तालुक्यात दुसरा झाला नाही. आणि तो जन्मभर एकच खोटं बोलला. मला घाम येतो, असं तो सांगायचा.

भर वैशाखात कपाशीच्या वाळल्या पऱ्हाट्या उपटताना बाकीच्यांचे सदरे पाठीला चिकटायचे, मामाचा मात्र इस्त्रीतून काढल्यासारखा कोरडा. मग तो लालबुंद होऊन बाभळीखाली बसायचा, की लोक सुरू. "सायब आहे बे तो! घाम गाळणं त्याले जमत नाई." घाम नाही तो कामचोर, हे आमच्याकडे बाराखडीच्या आधी शिकवतात. म्हणून मामा घरी येताना विहिरीवर थांबून पाठीवर आणि काखेत पाणी मारून यायचा. मामीनं एकदा विचारलं, "काऊन हो, तुमच्या घामाले शेवाळाचा वास येते?" मामा म्हणाला, "खानदानी घाम आहे."

तळपाय तर त्याचे सदा पेटलेले. लग्नाच्या पंगतीतही बादलीत पाय सोडून जेवायचा. इकडे नवरदेवाचे पाय धुवायला लोक तीच बादली शोधत फिरायचे.

चाळिशीत अंगावर सूज आली, मग छाती धडधडू लागली. किडनीचा डॉक्टर निराळा, हृदयाचा निराळा, पायाच्या आगीचा तिसरा. घरातला पहिला बी.ए. मी, त्यामुळे कागद भरायचा मान माझा. एका कागदावर प्रश्न होता : घाम येतो का? बाहेर गावातली चार माणसं बसलेली. मामा मोठ्यानं म्हणाला, "लय येते!" मला खरं ठाऊक होतं. तरी त्याची लाज राखायला मी सुंदर अक्षरात लिहिलं, 'भरपूर'. पुढं चार वर्षं तो प्रश्न कुणी विचारला नाही.

शेवटी संभाजीनगरला एका डॉक्टरबाईंना त्याच्या बुबुळात भोवऱ्यासारख्या रेषा दिसल्या. "काका, घाम येतो? खरं सांगा."

मामानं गुन्हा कबूल केल्यासारखी मान खाली घातली. "मॅडम, काम लय केलं म्या. आईशप्पथ. पण घाम नाई आला कधी."

रक्त तपासल्यावर निदान झालं. जन्मजात दोष; शरीरातला एक पदार्थ विरघळतच नाही, किडनी, हृदय, नसा, सगळीकडे साचत जातो. किडन्या तोवर संपल्या होत्या. "चार वर्षं आधी कळलं असतं तर..." बाई एवढंच बोलल्या.

हा आजार आईकडून येतो, बहिणीत आणि भाच्यातही असू शकतो, असं त्यांनी सांगितलं. मामा तेवढ्यावरच अडकला. डायलिसिसच्या खाटेवरून फोन करायचा. "तुह्या रक्ताचं काय झालं बे?" स्वतःच्या रक्ताचं कधी विचारलं नाही.

माझ्यात दोष निघाला नाही. कागद घेऊन गेलो तर मामीला म्हणाला, "ह्याले जेवाले वाढ," आणि भिंतीकडं तोंड करून पडून राहिला. त्याची स्वतःची जाडजूड फाईल खुंटीला होती. माझा कागद त्यानं उशाखाली ठेवून घेतला.

पोळ्याच्या आधी मामा गेला. उशी उचलली तेव्हा तो कागद हाताळून मऊ झालेला, घडीवर फाटलेला. मामाला इंग्रजी वाचता येत नव्हतं.