गुडघ्यावरचं खोटं प्लास्टर

“पडली म्हणून सांगू. पडणं काय, कोणाचंही होतं.”

धुळ्याच्या त्या दवाखान्यात डॉक्टरांच्या खोलीचं दार नीट लागत नव्हतं. मी आत तपासणीच्या टेबलावर सलवार खाली ओढत बसले होते आणि बाहेर नाना, म्हणजे माझे वडील, आईशी हलक्या आवाजात बोलत होते. डॉक्टर नुकतेच सांगून हात धुवायला गेले होते. माझा डावा गुडघा आता औषधांनी सावरणार नव्हता, तो बदलावा लागणार होता.

“सत्तावीस वर्षांची पोर,” आई म्हणाली. “गुडघा बदलला म्हटलं तर कोण पदरात घेईल?”

“म्हणूनच म्हणतोय ना.”

मला ऐकू येतंय हे दोघांनाही माहीत नव्हतं. बाहेर आले तेव्हा आईने माझी पर्स माझ्या खांद्याला लावली आणि आम्ही जळगावची बस पकडली.

ही नव्वदच्या दशकातली गोष्ट. आमच्या भागात गुडघा बदलण्याचं ऑपरेशन तेव्हा फारसं कोणी पाहिलेलं नव्हतं, आणि ज्यांनी ऐकलं होतं त्यांना ते म्हाताऱ्यांचं वाटे. मला होता ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस. हा संधिवात वयाचा नसतो. शरीराची स्वतःची संरक्षणव्यवस्थाच सांध्याच्या आतल्या अस्तराला शत्रू समजून पोखरते. कॉलेजात असताना सकाळी बोटं आखडायची, वेणी घालता यायची नाही. मग गुडघे सुजले. डाव्याच्या एक्स-रेत दोन हाडांमध्ये जी फट दिसायला हवी, ती शेवटी उरलीच नव्हती.

“इतक्या लहान वयात मी हे टाळतो,” डॉक्टर म्हणाले होते. ते मुंबईहून महिन्यातून एकदा धुळ्याला येत. “पण तिला संडासपर्यंत चालता येत नसेल, तर वय पाहत काय बसायचं?”

ऑपरेशन मुंबईत झालं. टोटल नी रिप्लेसमेंट. हाडांची झिजलेली टोकं कापून त्यांवर धातूचं आवरण बसवतात आणि मध्ये प्लास्टिकची चकती ठेवतात. शुद्धीवर आल्यावर पाय माझा वाटत नव्हता. पण गुडघ्याच्या आत वर्षानुवर्षं जी करकर असायची ती गेली होती, हे त्या दुखण्यातही मला कळलं.

दुसऱ्याच दिवशी फिजिओथेरपीच्या बाई आल्या. त्यांनी फ्लेक्शन म्हणजे गुडघा वाकवणं आणि एक्स्टेन्शन म्हणजे सरळ करणं, दोन्ही माझ्याकडून करून घेतलं. मी रडले. त्या म्हणाल्या, “दुखतंय म्हणून थांबलीस तर काही दिवसांनी दुखणार नाही. पण वाकणारही नाही.” जखम भरताना आत स्कार टिश्यू तयार होते. ती चिवट जाळी असते. पाय हलता ठेवला तर ती सैल राहते, नाहीतर सांध्याला जखडून टाकते. पहिले आठवडे त्यासाठी मोलाचे असतात. हे सगळं मला समजलं होतं. आईलाही समजलं होतं.

जळगावला परतलो आणि भेटायला माणसं येऊ लागली.

आमच्याकडे आजारी माणसाला भेटायला न जाणं म्हणजे वैर धरणं. सकाळपासून पायरीवर चपला. नानांचा जुना कॅरम बोर्ड पलंगावर ठेवून, त्यावर पावडर टाकून मी व्यायाम म्हणून टाच पुढेमागे सरकवत असे. कडी वाजली की आई तो कपाटामागे लपवायची आणि माझ्या पायावर चादर टाकायची. एकदा लपवायचा राहून गेला, तर शेजारचे काका हसत म्हणाले ते मला अजून आठवतं, “वा, पडल्यावर बरा वेळ मिळाला कॅरमला!” तोंडानं हसले मी. चादरीखाली गुडघा ठणकत होता.

नानांची मोठी बहीण, जिला सगळे अक्का म्हणतात, ती फैजपूरहून केळ्यांची फणी आणि डिंकाचे लाडू घेऊन आली.

“अशी कशी पडली व माय? डोये कुठी ठेवले होते?”

मी आईकडे पाहिलं.

“ओल्या फरशीवरून,” आई म्हणाली.

“पोरीले उठवू नका आता. हाडाले हाड जुळू द्या. हाडाले काय शाळेत जायाचं आहे का, घाई करायले?” मग ती नानांकडे वळली. “यावलच्या बाजूले एक हाडवैद्य आहे. त्यानं आमच्या म्हशीचा पाय बसवला. ही तं माणूस आहे. उद्या घेऊन येतो.”

आई घाबरली. कोणी अनोळखी माणूस चादर बाजूला करणार, टाक्यांची ती उभी रेघ पाहणार. तिच्या तोंडून निघून गेलं, “अहो अक्का, उद्याच प्लास्टर घालणार आहेत.”

दुसऱ्या दिवशी नानांनी कापसाचे गुंडाळे आणि क्रेप बँडेज आणलं. आईने मांडीपासून घोट्यापर्यंत पाय सरळ ठेवून जाड गुंडाळला. वरून चादर घेतली की हुबेहूब प्लास्टर वाटे. आधी ते फक्त माणसं यायच्या वेळी बांधायचं ठरलं होतं. पण माणसांना कसली वेळ? रोज सोडायचं, रोज बांधायचं, आईचे हात दुखत. मग ते दिवसभर राहू लागलं. खरं सांगायचं तर त्यात मला आराम वाटायचा. दुखायचं नाही.

डॉक्टरांना फोन करावा, असं मी नानांना दोनदा म्हटलं. ते चौकातल्या एसटीडी बूथवर गेलेही. पण बूथमध्ये मागे उभी असलेली सगळी माणसं ओळखीची. गुडघा, ऑपरेशन, व्यायाम हे शब्द तिथे उच्चारायचे कसे? “ठीक आहे, ठीक आहे,” एवढंच बोलून ते परत आले.

मी स्वतः आणखी काही बोलायला हवं होतं, असं वाचणाऱ्याला वाटेल. नाना भुसावळला रेल्वेत होते, मी तिथल्या इंग्रजी शाळेत शिकले. मोठ्या माणसांमध्ये बोलायचं झालं की मला आधी इंग्रजी वाक्य सुचे, मग मराठी, तोवर विषय पुढे गेलेला असे. शेवटी मी न बोलण्यालाच शहाणपण समजू लागले. शिवाय त्याच सुमारास शिरपूरहून एका स्थळाची विचारणा आली होती. आई बऱ्याच दिवसांनी हसत होती.

धुळ्याला दाखवायला गेलो, तेव्हा डॉक्टरांनी टाच धरून पाय मागे ढकलला. पाय थोडासा गेला आणि थांबला. त्यांनी कोन मोजायची पट्टी लावली, पुन्हा लावली.

“जखम सुंदर भरलीय. गुडघा मात्र अडकलाय. व्यायाम करत नव्हतात?”

नाना म्हणाले, “माणसं येत होती हो.”

डॉक्टरांना ते समजलं नाही.

मग तिथेच, धुळ्यात, मॅनिप्युलेशन अंडर अ‍ॅनेस्थेशिया करावं लागलं. म्हणजे पेशंटला भूल देऊन डॉक्टर गुडघा हातांनी जोर लावून वाकवतात आणि आतली जाळी तोडतात. जाग आल्यावर ऑपरेशनपेक्षा जास्त दुखलं. डॉक्टर पलंगाशी आले. “आता वाकलाय तो मी वाकवलाय. पुन्हा अडकला, तर माझ्या हातात फार काही राहणार नाही,” ते म्हणाले. नाना खिडकीकडे तोंड करून उभे होते. आईने माझे पाय दाबायला घेतले आणि मग कुठे हात लावावा हे न कळून हात मांडीवर ठेवून बसली.

आज तो गुडघा काटकोनाच्या जरा अलीकडे येऊन थांबतो. खुर्चीत बसता येतं, शाळेत शिकवायला जाता येतं. जिना मात्र एकेक पायरी. बसची पायरी चढताना दांडी धरून स्वतःला वर ओढून घ्यावं लागतं आणि मागच्यांना थांबावं लागतं. माझ्याच वॉर्डात, माझ्याच आठवड्यात ऑपरेशन झालेल्या नाशिकच्या एक बाई पुढे एका तपासणीच्या वेळी दवाखान्याचा जिना भरभर उतरून मला भेटायला आल्या होत्या. त्या गेल्यावर मी बराच वेळ जिन्याकडे पाहत होते. ते आठवडे परत मिळत नाहीत. कोणी वाईट वागलं असतं, तर निदान राग तरी धरता आला असता. सगळ्यांनी माझं चांगलंच चिंतलं होतं.

तुमच्या घरी हे ऑपरेशन ठरलं असेल, तर येणाऱ्या प्रत्येकाला पहिल्याच दिवशी काय झालंय ते सांगा. दुखणं लपवलं की औषधही लपूनच घ्यावं लागतं, आणि हे औषध चारचौघांत, दिवसाउजेडी, पुन्हा पुन्हा घ्यायचं असतं. हे मला कळलं ते धुळ्याहून दुसऱ्यांदा परत आल्यावर.

त्या संध्याकाळी मी पुढच्या खोलीत खुर्चीवर बसले होते. उजवा पाय डाव्या घोट्यावर अडकवून त्याला मागे रेटत होते. डोळ्यांत पाणी होतं. दार उघडंच होतं. अक्का आली, आणि तिच्यामागून एक अनोळखी बाई. शिरपूरच्या त्या स्थळातल्या मुलाच्या काकू.

“प्लास्टर निघालं वाटतं,” काकू म्हणाल्या. “हाड नीट जुळलं ना हो?”

“जुळलं, जुळलं,” आई म्हणाली. तिने पलंगावरची चादर उचलली आणि माझ्या गुडघ्यांवर घालायला वाकली. “आता बास कर गं. पाहुणे आलेत.”

पाय थांबवला असता, तर तेवढ्यापुरतं दुखायचंही थांबलं असतं. मी चादर हाताने बाजूला केली. अक्काने गुडघ्यावरची रेघ पाहिली आणि तिचा हात तोंडावर गेला. या वेळी मला आधी इंग्रजी वाक्य सुचलं नाही.

“अक्का, मी पडले नव्हते. संधिवातानं माझा गुडघा गेला होता, तो बदललाय, आत धातूचा आहे. काकू, तुम्ही बसा. मला हा आत्ता वाकवू दे.”