कंडक्टरबाईंची एक घंटी

कंडक्टरबाईंना निवृत्त होऊन दोन वर्षं झाली, तरी त्यांना दुसरं नाव काही मिळालं नाही. भाजीवाला कंडक्टरबाई म्हणतो, सख्खी नणंदही कंडक्टरबाईच म्हणते, फक्त ती रागात असताना. आवाज अजून तसाच आहे, शेवटच्या बाकावर झोपलेल्याला दचकून उठवणारा. स्वभावही तसाच. बिनतिकिटाचा माणूस आणि न मागता दिलेला सल्ला, दोन्ही त्यांना खपत नाहीत. दोघांनाही त्या पुढच्या थांब्यावर उतरवतात.

त्यांची गाडी किनाऱ्याच्या रस्त्याने जायची आणि शेवटचा थांबा धक्क्यावर. हंगाम सुरू झाला की हौसेने समुद्रात बुड्या मारणारी मंडळी याच गाडीत चढायची. पाठीवर हवेच्या टाक्या, हातात जाळीच्या पिशव्या. टाकीचं सामान-तिकीट वेगळं काढायचं, यावरून दर वेळी हुज्जत. जाताना ही माणसं गप्प असायची आणि येताना ओली, भुकेली आणि तोंडाला खळ नाही अशी. "त्या खडकाखाली बसला होता, बघितलास ना?" "तो निळा झुबका केवढा होता!" त्यांच्या मधून वाट काढत बाई तिकिटं फाडत पुढे सरकायच्या. समुद्र सगळी नोकरीभर खिडकीबाहेर आणि बाईंची पाठ त्याच्याकडे. रोज दिसणाऱ्या गोष्टीचा नुसता वरचा पापुद्रा आपल्या वाट्याला आला, याचा त्यांना राग होता. लोक अशा वेळी हौस म्हणतात, स्वप्न म्हणतात. बाईंच्या बाबतीत तो सरळ सरळ राग होता.

त्यामुळे निवृत्तीनंतर त्या एक दिवस धक्क्यावरच्या बुडी-शाळेत जाऊन उभ्या राहिल्या. शिकवणारी तिशीतली पोरगी, उन्हाने रापलेली, सगळे तिला मास्तरीण म्हणायचे. ती म्हणाली, "काकू, कुणाला सोडायला आलात?"

"काकू तुझ्या घरी. इथे विद्यार्थिनी. कान, छाती, हृदय, सगळं डॉक्टरांनी तपासलंय. कधीपासून येऊ?"

घरी ही बातमी फुटली तेव्हा नणंद खालच्या मजल्यावरून धापा टाकत वर आली. "साठी बुद्धी नाठी म्हणतात ते खोटं नाही! अहो वहिनी, पाण्याखाली तोंड बंद ठेवावं लागतं म्हणे. तुम्हाला कसं जमायचं?" नणंद बाईंना पहिल्यापासून पाण्यात पाहायची, पण या प्रश्नात तथ्य होतं, हे बाईंनी मनातल्या मनात कबूल केलं.

मुलगा विमा कंपनीत. त्याला जिना दिसला की घसरणं दिसायचं आणि फळ दिसलं की गळ्यात अडकणं. तो समुद्रापासून दूर, मोठ्या शहरात राहायचा. वडील गेल्यापासून त्याचं एकच पालुपद होतं, आईने इथलं घर आवरावं आणि आपल्याकडे यावं. त्याने फोनवर तासभर समजावलं. पालथ्या घड्यावर पाणी. शेवटी तो म्हणाला, "आई, तुला एकटीला ठेवायची मला भीती वाटते, आणि तू तर बुडायलाच निघालीस."

बाईंचं डोकं फिरलं. त्या बोलून गेल्या, "ठीक आहे. या हंगामात मी समुद्रात बुडी मारून दाखवली, तर घराचा विषय कायमचा बंद. नाही जमलं, तर गुपचूप तुझ्याकडे येईन."

"शब्द?"

"शब्द. आणि फाडलेलं तिकीट मी परत घेत नाही, हे तुला माहीत आहे."

फोन ठेवला आणि त्यांना कळलं की आपण केवढं मोठं तिकीट फाडलं. पण माघार घ्यायची ती कशी, आणि तीही पोटच्या पोरापुढे?

शिकणं सुरू झालं. पहिले धडे पोहण्याच्या तलावात. नाक दाबलं की तोंड उघडतं, ही म्हण इथे उलटी होती. नाक दाबायचं, तोंड मिटलेलं ठेवायचं आणि कानात हवा ढकलायची. ते जमलं. गप्प राहणंही जमलं, आणि त्याचं बाईंनाच नवल वाटलं. एकदा मात्र घोटाळा झाला. तलावाच्या तळाशी सगळे रांगेत गुडघ्यांवर बसले होते, पुढे कुणी हलेना. बाईंनी सवयीने कमरेला अडकवलेल्या जुन्या तिकीट-चिमट्याने टाकीवर दोन टोले दिले, टण टण. त्यांच्या लेखी दोन घंट्या म्हणजे चला. पण पाण्याखाली टाकी वाजवणं म्हणजे इकडे बघा. सगळी रांग गर्रकन वळली आणि बाईंभोवती जमली. मास्तरीण तर घाबरून त्यांच्या टाकीचा काटा बघायला लागली. वर आल्यावर खुलासा झाला तेव्हा ती हसून हसून काठावर आडवी झाली.

त्याच दिवशी तिने एक नियम सांगितला. "बुडी कुणीही, कधीही, कुठल्याही कारणाने रद्द करू शकतो. बोटीवर, दोरीला धरून किंवा तळाशी. आणि का म्हणून कुणी विचारायचं नाही. तेव्हाही नाही, नंतर जेवतानाही नाही."

"म्हणजे एक घंटी," बाई म्हणाल्या.

मास्तरणीला कळलं नाही. पण कंडक्टरच्या हातात खरी सत्ता एकच असते, ती घंटीच्या दोरीची. दोन म्हणजे चला आणि एक म्हणजे थांबा. एका घंटीवर ड्रायव्हर प्रश्न विचारत नाही. आधी ब्रेक, मग बाकीचं. एकदा भर उतारावर बाईंनी एक घंटी दिली होती. मागच्या चाकाचा आवाज त्यांना रुचला नव्हता. ड्रायव्हरसाहेबांनी गाडी कडेला घेतली, दोघांनी वाकून वाकून पाहिलं, काहीच निघालं नाही. आत प्रवासी आरडाओरडा करत होते, एकाचा तर साखरपुडा चुकत होता, तोही स्वतःचा. ड्रायव्हरसाहेबांनी हात पुसले आणि "बसा" म्हणाले. पुढे कितीतरी वर्षं दोघं एकाच गाडीवर होते, पण त्या दिवसाचा उल्लेख त्यांनी टोमणा म्हणूनसुद्धा केला नाही. बाईंच्या लेखी सभ्य पुरुष जगात थोडे, त्यांतले हे एक.

तलावातून समुद्रात जायचं म्हटलं की मात्र सगळी मर्जी समुद्राची. मास्तरीण फळ्यावर खडूने आखून सांगायची. पाऊस संपल्यावर लगेच उपयोग नाही, नदीने आणलेला गाळ बसायला महिना जातो. मग पाणी निवळतं, पण मधेच उत्तरेचा वारा सुटतो. तो पडला की थोडे दिवस बरे. पुढे दक्षिणेकडून लांब लाटा यायला लागल्या की बोटी ओढून वर घेतात आणि हंगाम बंद. या चांगल्या दिवसांतही चंद्र पुरा असताना उधाण, तेव्हा पाणी माणसाला ओढून नेतं. चंद्र अर्धा असतो तेव्हा भांगाची भरती, चढउतार कमी आणि ओढही कमी. त्यातही भरती संपून ओहोटी लागायच्या मधला स्वस्थ वेळ धरायचा. बाईंना हे ऐकताना घरच्यासारखं वाटलं. समुद्रालाही वेळापत्रक होतं, फक्त चौकशीची खिडकी नव्हती.

पहिल्या भांगाच्या वेळी त्यांना सर्दी झाली. चोंदलेल्या नाकाने खाली गेलं तर कानाचा पडदा फाटतो, म्हणून मास्तरणीने धक्क्यावरूनच परत पाठवलं. पुढच्या भांगाला वारा असा सुटला की बोटीचे दोर सोडताच येईनात. मुलाचा फोन यायचा, "काय म्हणतो तुझा समुद्र?" त्या आवाजात कुत्सितपणा नव्हता. त्याने आईसाठी खोली रंगवून घेतली होती आणि कुठला रंग दिला तेही सांगितलं. बाईंना ते कुत्सितपणाहून जास्त लागलं.

होता होता हंगामातला शेवटचा भांग आला. त्यानंतर बोटी वर जाणार होत्या.

त्या सकाळी धक्क्यावर हे एवढं खटलं जमलं होतं. मुलगा रात्रीच्या गाडीने आला होता. नणंद छत्री घेऊन आली होती, कारण तिच्या मते पाणी म्हटलं की छत्री हवी. ड्रायव्हरसाहेब घडीची खुर्ची टाकून बसले होते. त्यांचे गुडघे आता साथ देत नाहीत, पण धक्क्याकडे येणारी गाडी अजून ते घड्याळ न बघता ओळखतात.

मुलाने आईच्या खांद्यावरचा पट्टा सरळ केला. "आता एवढं केलंस तर जाऊन ये आई. तुझ्या मनात राहायला नको." तो मनापासून म्हणाला. हरला असता तरी त्याला चाललं असतं, असं त्याच्या तोंडावर दिसत होतं. बाई बोटीत चढल्या.

बोटीवर मास्तरीण, नावाडी आणि लांबून आलेले दोन पाहुणे होते. छोट्या बेटाच्या आडोशाला नांगर टाकला तेव्हा वारा नव्हता, आकाश स्वच्छ होतं, आणि तरीही बोट सावकाश वर जात होती आणि सावकाश खाली येत होती. दूर दक्षिणेकडे कुठेतरी वादळ झालं असणार. त्याच्या लाटा ठरल्या दिवसाच्या आधीच येऊन पोचल्या होत्या. शिडी पाण्यातून हातभर वर यायची आणि दाणकन आपटायची. मास्तरणीने डोकं पाण्याखाली घालून पाहिलं. "आडोसा आहे, उतरता येईल. पण तळ ढवळलाय, चार हातांपलीकडे दिसणार नाही. मी सांगणार नाही. प्रत्येकाने आपलं आपण ठरवा."

पाहुण्यांनी चष्मे चढवले. बाई काठावर बसल्या, पाठीवर टाकी, पायात पंखे, तोंडाजवळ नळी. खाली बघितलं तर हिरवट, गढूळ पाणी. भांडी विसळल्यावर राहतं तसलं. इकडे आड आणि तिकडे विहीर. उतरलं तर घर राहणार, नाही उतरलं तर रंगवलेली खोली वाट बघत होती. उतरायला किती वेळ लागणार होता? मागे झुकायचं, की झालं. खाली जाऊन दोरी धरायची, काही न बघता वर यायचं, आणि धक्क्यावर जाऊन सांगायचं, मारली बुडी.

 आपण समुद्र बघायला निघालो होतो. आता आपण पोराला दाखवायला निघालो आहोत. सगळी नोकरीभर थांबलो ते हे चार हात गढूळ बघायला? बाईंना संताप आला, स्वतःचाच.

त्यांनी तोंडाजवळची नळी खाली सोडली. "मी नाही उतरत."

मास्तरणीने मान हलवली आणि त्यांच्या टाकीचा पट्टा सोडवायला घेतला. एक पाहुणा क्षितिजाकडे बघत राहिला, चरफडत असेल तर मनात. दुसऱ्याने थोड्या वेळाने हळूच चष्मा काढला आणि म्हणाला, "माझंही राहू दे." त्याच्या आवाजात सुटकेचा श्वास होता. एकट्यासाठी बुडी होत नाही, म्हणून नावाड्याने नांगर ओढला. परतीच्या वाटेवर बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. वाईट वाटलं होतं, खूप वाईट वाटलं होतं, आणि ते लपवायची त्यांना गरज वाटली नाही.

कोरडे केस बघूनच धक्क्यावर सगळ्यांना कळलं. "देव पावला," नणंद म्हणाली आणि छत्री मिटली.

मुलाने हात देऊन आईला वर घेतलं. "असू दे आई. प्रयत्न केलास ना. पुढच्या आठवड्यात मी रजा टाकतो, सामान बांधू."

"सामान कसलं?"

तो गोंधळला. "शब्द होता. फाडलेलं तिकीट परत घेत नाही, तूच म्हणालीस."

ड्रायव्हरसाहेब खुर्चीत बसल्या बसल्याच मदतीला धावले. "गाडी वाटेत रद्द झाली, तर तेच तिकीट पुढच्या गाडीला चालतं. नियम आहे."

"हा लबाडपणा झाला," नणंद म्हणाली.

"बरोबर आहे वन्सं," बाई म्हणाल्या, आणि नणंद आ वासून राहिली, कारण हे वाक्य तिने या घरात कधी ऐकलं नव्हतं. "पळवाट नको, ड्रायव्हरसाहेब. मी शब्द मोडतेय. सरळ मोडतेय, सगळ्यांसमोर." मग त्या मुलाकडे वळल्या. "चूक माझीच. स्वतःचं घर मी पैजेला लावायलाच नको होतं. ते माझं आहे, बुडी मारली तरी आणि नाही मारली तरी. तुला भीती वाटते, ती मला कळते. रोज फोन कर, दोनदा कर, मी उचलीन. पण तुझ्या भीतीच्या गावाला मी राहायला येणार नाही. पाणी निवळलं की मी पुन्हा बोटीत बसणार, आणि तेव्हाही पटलं नाही तर पुन्हा परत येणार."

"पण का, आई? एवढं सगळं करून उतरली नाहीस, आणि आता माझ्याकडेही येत नाहीस. का?"

बाईंनी हात डोक्यावर उंच नेला, जिथे आता दोरी नव्हती, आणि एकदाच खाली ओढला.

खुर्चीत बसलेल्या ड्रायव्हरसाहेबांचा उजवा पाय आपोआप उचलला गेला आणि दगडी फरशीवर घट्ट दाबून बसला. दुखऱ्या गुडघ्याची कळ त्यांच्या चेहऱ्यावर उमटली, पण पाय त्यांनी काढला नाही.

"एका घंटीला 'का' विचारायचं नसतं, बाळा," ते म्हणाले. "थांबायचं."