झोप कुठं लागते?

सेंटरमध्ये रुजू झाले त्या दिवशी पहिली खटकलेली गोष्ट म्हणजे भिंतीवरचं घड्याळ. बंद! बाकी सगळं जिथल्या तिथं, आणि घड्याळ तेवढं बंद. माझा स्वभाव असा की खटकलेलं दुरुस्त होईपर्यंत चैन पडत नाही. जेवणाच्या सुट्टीत बाजारातून सेल आणला, स्टुलावर चढले, बसवला. घड्याळ टकटक करू लागलं. पहिल्याच दिवशी उपयोगी पडले म्हणून माझी मीच खूश!

दुपारी यशू आली. यशोधरा, वय वर्षं आठ, ऑटिस्टिक. दारातच थांबली, दोन्ही कानांवर हात ठेवले आणि सरळ टेबलाखाली! कुणी काही बोललं नव्हतं, काही पडलं नव्हतं. घाबरून मी सेंटर चालवणाऱ्या मॅडमना हाक मारली. मॅडम आल्या, खोलीभर नजर फिरवली, स्टूल ओढलं आणि घड्याळ उतरवलं.

"प्रणाली, आधीचा सेल संपला नव्हता गं. मी काढला होता."

आमचं सेंटर म्हणजे चिखलीतल्या एका घराच्या वरच्या मजल्यावरच्या दोन खोल्या. ऑटिस्टिक मुलं येतात, मोठी माणसंही येतात. कुणाला आवाज टोचतो, कुणाला कपडा, कुणाला ट्यूबलाइट. आणि बहुतेक घरांतून एकच तक्रार, झोप! मी मूळची वडनेर भोलजीची, मानसशास्त्रात बी.ए., मग विशेष शिक्षणाचा डिप्लोमा. शेजारी कुकरची शिट्टी झाली तरी दचकणारी. मैत्रिणी विचारतात, "तुझं तिथं निभतं तरी कसं?" मग एक किस्सा सांगावा लागतो, आणि त्याच्या पाठीला पाठ लावून दुसरा येतोच. आता तर कोणता कुणाला सांगितला तेच आठवत नाही. म्हणून म्हटलं, लिहूनच काढावेत.

*

यशूची आई वंदनाताई. यशू रात्री टक्क जागी, त्यामुळे वंदनाताईही जाग्या. बाबा, मिलिंदभाऊ, काळीपिवळी जीप चालवतात, पहाटेच्या पहिल्या फेरीला निघतात. म्हणून त्यांना झोपू द्यायचं, असा घरचा नियम. वंदनाताईंच्या डोळ्यांखाली काजळ घातल्यासारखं काळं.

एक दिवस त्या म्हणाल्या, "मॅडम, आता तुमीच इचारा तिले. माह्यं तोंड दुखून गेलं."

मॅडमनी यशूला जवळ बसवलं. "यशू, काल रात्री झोप लागली का?"

यशूनं आधी दोन्ही कोपरं पाहिली. मग फ्रॉक वर करून गुडघे तपासले. अगदी नीट, डॉक्टरसारखं.

"नाई."

"मग?"

"पायरी लागली. हे इथं. झोप नाई लागली." थोडा विचार करून तिनंच विचारलं, "झोप कुठं लागते?"

वंदनाताई म्हणाल्या, "आपल्या घरी तर कुठंच नाई लागत, माय!"

*

यशू कपडे उलटे घालते. शिवण आत असली की तिला ती दिवसभर टोचत राहते. आपल्याला चपलेत खडा गेल्यावर होतं तसं. फक्त हा खडा अंगभर.

बीबी गावाला तिच्या मामाचं लग्न होतं. मांडवात एका आत्याबाईंनी भर गर्दीत विचारलं, "काऊन वो वंदना, पोरीले फ्रॉक उलटा घातला? ध्यानच नाई तुले?" आजूबाजूच्या बायका हसल्या. वंदनाताईंचं तोंड एवढंसं झालं.

मिलिंदभाऊ जीपमागे गेले आणि आले ते शर्ट उलटा घालून! कॉलरचं लेबल बाहेर, खिसा आत. मोबाईल वाजला की अख्खा हात गळ्यातून आत घालायचा.

"भाऊ, शर्ट उलटा हाये तुमचा," नवरदेवाचा दोस्त म्हणाला.

"हाव. सुलटा टोचते."

लग्न लागलं, जेवणं झाली, फोटोही निघाले. परतताना वंदनाताईंनी हळूच विचारलं, "खरंच टोचे का वो तुमाले?"

"नाई वो. पण आता कळलं, उलटा लय मऊ लागते!"

तेव्हापासून घरी ते उलटाच घालतात.

*

दर शनिवारी राहुलदादा येतो. पंचविशीचा आहे. त्याच्यासोबत त्याचे वडील, रिटायर्ड शिक्षक, म्हणून सगळे त्यांना गुरुजीच म्हणतात. राहुलदादाच्या खोलीतला पंखा कित्येक वर्षं कटकट, कुईकुई करायचा. पोराला शांत झोप लागावी म्हणून गुरुजींनी तो मेकॅनिककडून दुरुस्त करून आणला. आणि त्या रात्रीपासून राहुलदादा पलंगावर ताठ बसून!

गुरुजी आमच्याकडे आले. "जेवण तेच, वेळ तीच, गादी तीच. काय झालं असंन?"

राहुलदादा म्हणाला, "पंखा गेला."

"अरे, वर फिरून राह्यला ना!"

"तो दुसरा हाये."

गुरुजी शहाणे. त्यांनी पंखा पुन्हा उतरवला आणि राहुलदादाला घेऊन त्याच दुकानात गेले.

"हा खराब करून दे."

"काऊन गुरुजी? मस्त चालून राह्यला!"

"तेच तर दुखणं हाये."

मेकॅनिक एकेक स्क्रू ढिला करून पंखा चालवून दाखवायला लागला. "असा?" राहुलदादा म्हणायचा, "नाई." "मग असा?" "नाई. कट् झाल्यावर थांबते. मंग कुई." दुकानात गिऱ्हाईक ताटकळत. शेवटी जमलं एकदाचं. राहुलदादा बाकावर बसल्या बसल्या जांभई द्यायला लागला!

मेकॅनिकनं घाम पुसला. "गुरुजी, दुरुस्तीची गॅरंटी नेहमीच देतो. बिघाडाची पयल्यांदाच देऊन राह्यलो!"

आणि मी त्या महिन्यात घरोघरी सांगत सुटले होते, "खोली एकदम शांत ठेवा." किती जणांचे पंखे दुरुस्त झाले असतील, देव जाणे!

*

यशूला अंगावर वजन आवडतं. गाद्यांच्या ढिगाखाली शिरली की निवांत होते. मॅडम म्हणाल्या, जराशी जड गोधडी करून बघू. फार जड नको, तोंडावर नको, तिला स्वतःला सहज भिरकावता आली पाहिजे, आणि घरात कुणीतरी लक्ष ठेवायचं. वंदनाताईंच्या हाताला शिवण चांगली. त्यांनी लहान लहान कप्पे शिवून त्यात मूग भरले. यशू पहिल्याच रात्री त्यात गुंडाळून बराच वेळ पडून राहिली. झोपली नाही, पण पडून राहिली! आम्ही सेंटरमध्ये पेढे वाटायचे तेवढे बाकी ठेवले.

पुढच्या आठवड्यात वंदनाताई गोधडी काखेत मारून जिना चढल्या. चेहरा गंभीर.

"मॅडम, धुतली मी हे. अन् नेमकं आभाळ आलं. वाळलीच नाई."

"मग?"

त्यांनी गोधडी उलगडली. शिवणी-शिवणीतून पांढरी शेपटं बाहेर.

"गोधडीले मोड आले! आता उसळ करू का बियाणं म्हणून पेरू?"

मग कप्प्यांत काचेच्या गोट्या भरल्या. यशूनं गोधडी दुसऱ्याच दिवशी परत आणून दिली. "हे गोधडी बोलते."

आता त्यात धुऊन वाळवलेली रेती आहे. ती बोलत नाही आणि उगवतही नाही.

*

एकदा खालून वरात गेली. डीजेचा पहिला ठोका पडला आणि मी किंचाळले. हातातली रंगांची डबी जमिनीवर! यशूनं कानांवर आवाज अडवणारे हेडफोन आधीच लावलेले होते. तिनं माझ्याकडे पाहिलं, ते काढले, पायांच्या टाचा उंच करून माझ्या कानांवर बसवले आणि स्वतःचे कान तळहातांनी दाबून कोपऱ्यात बसली.

मॅडम नंतर म्हणाल्या, "प्रणाली, तुझी पण एक फाईल उघडायची का?"

*

आता हा मागच्या सोमवारचा.

त्याआधीच्या सेशनला वंदनाताई बाकावर बसून होत्या त्या बसल्या जागीच घोरायला लागल्या. एक चप्पल पायात, एक हातात. जाग आल्यावर ओशाळल्या, मग म्हणाल्या, "मॅडम, परवा दूध उतू गेलं, गॅस इझला, अन् मले पत्ताच नाई. ओट्याले टेकून उभ्या उभ्या डोळा लागला होता."

मॅडमनी त्याच दिवशी मिलिंदभाऊंना बोलावून घेतलं. "मुलीची झोप आपण बघू, वेळ लागेल. पण ह्यांची झोप आधी बघा. रात्री वाटून घ्या." भाऊ खाली मान घालून "हाव" म्हणाले.

सोमवारी यशूची वेळ झाली. कुणी आलं नाही. वंदनाताई, तापातसुद्धा सेशन न चुकवणारी बाई! मी फोन लावला. रिंग वाजून वाजून बंद. पुन्हा लावला. पुन्हा तेच. मिलिंदभाऊंचा फोन संपर्क क्षेत्राबाहेर. जीप रस्त्यावर असणार. मॅडम कामानिमित्त बुलडाण्याला गेलेल्या. राहिले मी एकटी, आणि डोळ्यांसमोर तो ओटा, ते दूध, तो विझलेला गॅस.

पाणी प्यायले. ते ठसक्यानं नाकात गेलं. सेंटरला कुलूप लावलं आणि त्यांच्या घराच्या दिशेनं निघाले. चालता चालता फोन, वळणावर फोन, रस्ता ओलांडताना फोन. समोरून गुरुजी येत होते. "काऊन वो मॅडम, एवढ्या घाईनं कुठं निंगाल्या?" मी नुसताच हात हलवला. शेजारच्या कुणाचा नंबर आपण का घेऊन ठेवला नाही? ही पोरगी आत एकटी असेल तर? पुन्हा लावला. वाजतोय, वाजतोय...

उचलला!

"हॅलो! वंदनाताई! हॅलो! ऐकू येतंय का? हॅलो!"

तिकडून नुसता श्वास.

"यशू? यशू, तू आहेस का? आई कुठंय? आई काय करतेय, बाळा?"

मग अगदी फोनला ओठ टेकवून, कुजबुजत,

"मॅडम, वरडू नका. आई झोपून राह्यली. तुमीबी झोपा."