हजार मागितले होते

मुलुंडच्या एका औषध कंपनीने मला स्टेनोची नोकरी देऊ केली तेव्हा मी बावीस वर्षांची होते. घाटकोपरच्या शॉर्टहँड क्लासमधल्या मैत्रिणीने बजावून पाठवलं होतं, "पहिला आकडा ऐकून मुंडी हलवू नकोस गं. सरळ हजार माग." साहेब आठशे म्हणाले, मी हजार म्हटलं. आवाज जरा चढाच लागला.

साहेब चिडले नाहीत. म्हणाले, "हजार देतो, पण वर्षभराच्या करारावर, बाकी काही नाही. नाहीतर पहिल्या दिवसापासून कायम करून स्केलवर घेतो. हातात साडेसातशे पडतील, पण फंड मिळेल आणि आईवडिलांच्या औषधपाण्याचा खर्च कंपनीचा. तुमचं लग्न होईपर्यंत."

"मुलग्यांनाही लग्नापर्यंतच का?"

"नाही. पण नियम मी केलेला नाही."

माझं डोकं फिरलं होतं. तरीही मी साडेसातशे घेतले, कारण घरी बाबा होते.

बाबांनी गिरणीत कापसाच्या धुळीत वीस वर्षं काढली होती. त्यातली पहिली अकरा बदली कामगार म्हणून. म्हणजे रोज गेटवर उभं राहायचं आणि कोणी आला नाही तर त्याच्या जागी काम करायचं. अकरा वर्षांनी कायम झाले तेव्हा त्यांनी चाळीत पेढे वाटले होते. संपानंतर गिरणी बंद पडली ती पडलीच. आता भांडुपच्या आमच्या चाळीचा जिना चढताना ते तीनदा थांबायचे आणि कोणाशी तरी बोलायला थांबलोय असं दाखवायचे. डॉक्टरने सांगितलेला एक्स-रे चार महिने तसाच राहिला होता.

औषधपाण्याच्या खर्चासाठी कंपनीने एक फॉर्म दिला. खाली बाबांची सही हवी होती आणि सहीच्या वर छापलं होतं: मला कोणतेही उत्पन्न नाही, मी मुलीवर अवलंबून आहे. बाबांनी तो दोनदा वाचला आणि घडी घालून मला परत दिला.

"गिरण उघडतली," ते म्हणाले. "सही करूचंय नाय मी."

त्यांना वाटत होतं, असल्या कागदावर सही केली की कायमची नोकरी आपणच सोडली असं होईल. उद्या गेट उघडलं तर मालक हाच कागद पुढे करेल. मी समजावायला हवं होतं. मी भडकले. "कसली गिरणी, बाबा? गंजलेलं कुलूप आहे तिथे." बोलले आणि त्याच क्षणी लाज वाटली. ते दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. आईही फक्त जेवायला वाढण्यापुरतं बोलली.

तिसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी स्वतःच पेन मागितलं. व्यवसायाच्या रकान्यात सावकाश लिहिलं, 'गिरणी कामगार, कायम', आणि मग खाली सही केली.

आता हा फॉर्म परत येणार, असं मी धरूनच चालले होते. साहेबांनी तो रकाना वाचला. "गिरणी चालू आहे?"

"नाही."

"पगार येतो?"

"नाही."

"मग बरोबर आहे," म्हणाले आणि शिक्का मारला. त्या माणसाबद्दल मला तेव्हा जे वाटलं ते मी त्यांना कधी सांगितलं नाही, सांगायला हवं होतं.

संध्याकाळी बाबांनी पगार विचारला. मैत्रिणीचा सल्ला त्यांच्याही कानावर होता. मी साडेसातशे सांगितले.

"हजार मागलंस नाय?"

"मागितले. दिले नाहीत."

खरं सांगितलं असतं तर दुसऱ्या दिवशी ते स्वतः मुलुंडला जाऊन फॉर्म फाडून आले असते. ते हसले, हसता हसता खोकले, खोकला थांबेपर्यंत भिंतीला धरून राहिले. मग आईला म्हणाले, "हिका भाव करूक येणा नाय. बाजारात धाडू नको."

पुढे एक्स-रे निघाला, औषधं सुरू झाली, आणि बाबा ही गोष्ट येईल त्याला सांगत राहिले, की पोरगी हुशार आहे पण साहेबासमोर अडीचशे रुपये घालवून आली. मी शेजारी बसून ऐकायचे. एकदाही खोडून काढलं नाही.